निघायची वाट बघणारी कुत्री : आठवणीतलं चित्र जलरंगात कसं काढावं

आमचं शेत नीरा उजव्या कालव्याच्या खालच्या अंगाला. दिवाळी सरली की धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरं नि बिऱ्हाड घेऊन फिरणारे तांडे, कोकणाच्या वाटेला लागायचे आणि त्यातला एक वाडा दरवर्षी आमच्या बाजरी काढलेल्या रानात दोन-तीन रात्री उतरायचा. मेंढरं रानात बसली की लेंड्यांचं खत मिळतं. त्याच्या बदल्यात वडील धान्य द्यायचे. तिसऱ्या दिवशी पहाटे पुरुषमाणसं मेंढरं घेऊन पुढं जायची. बायका मागं राहून पालं उतरवायच्या आणि घोड्यांवर बिऱ्हाड लादायच्या. या लादालादीला तास-दीड तास लागे. त्या वेळात वाड्याची कुत्री काय करायची, ते मी विहिरीच्या थारोळ्यावर, म्हणजे मोटेचं पाणी पडतं त्या जागी, उभा राहून बघायचो.

ती निघायची वाट बघत असायची.

हे चित्र मी आजवर सात वेळा काढलं. सातवं घरात लावलंय. पहिल्या सहांत काय चुकलं ते कळायला बरीच वर्षं गेली, म्हणून जे हाती लागलं ते सगळं इथं लिहितो. तुमच्या आठवणीतली कुत्री धनगरवाड्याची नसतील. मामाच्या गावी बैलगाडी जुंपताना जुवाखाली बसणारा मोत्या असेल, नाहीतर एसटीच्या फाट्यापर्यंत सोडायला येणारी एखादी असेल. रीत तीच लागते.

आधी लिहा, मग काढा

एकतीस वर्षं मी हायस्कुलात चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या ग्रेड परीक्षांना पोरं बसवली. त्या परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असतो. मुलं मार्गदर्शकातली चार चित्रं पाठ करून जातात. बाजार आला तरी तीच फुगेवाल्याची आकृती, रेल्वे स्टेशन आलं तरी तीच. स्मरणचित्रात स्मरण उरतच नाही. मोठी माणसंही तेच करतात, फक्त मार्गदर्शकाच्या जागी मोबाइलवरचे फोटो आलेत.

म्हणून पहिल्या दिवशी पेन्सिल घ्या ती लिहायला. डोळे मिटून बसा आणि त्या सकाळचं जे जे खरंच दिसतंय ते एकेका ओळीत उतरवा. ‘सुंदर सकाळ होती’ असलं काही लिहायचं नाही, ते काढता येत नाही. माझ्या यादीतल्या काही ओळी देतो. भुरी नावाची म्हातारी कुत्री, डावा कान टोकाला फाटलेला. काळ्या, वर्ष-दीड वर्षाचा, छातीवर पांढरा ठिपका. पाल उतरवलं तिथं जमीन कोरडी आणि भोवती दवाने ओली. तीन दगडांची चूल, त्यातून अजून धूर. घोड्याच्या पाठीवर गुंडाळलेलं पाल, काठ्या, पितळी घागर, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि घोंगडीच्या घडीत दोन कोकरं नि एक कुत्र्याचं पिल्लू.

वीस ओळी झाल्या की थांबा. मग दुसरी यादी करा, न आठवणाऱ्या गोष्टींची. दुसऱ्या घोड्याचा रंग मला आठवत नाही. घोडा लादणाऱ्या बाईंच्या लुगड्याचाही नाही. पहिल्या चित्रांत मी या जागा कल्पनेनं भरल्या आणि नेमक्या त्याच जागा खोट्या दिसायला लागल्या. सातव्या वेळी दुसरा घोडा कागदाच्या कडेला अर्धा कापला आणि त्यावर धूर आणला. बाई पाठमोऱ्या, अंगभर घोंगडी घेतलेल्या. आठवणीत जिथं भोक आहे तिथं कागद मोकळा ठेवायला शिका.

कुठं उभं राहायचं आणि ऊन कुठून येतंय

हे ठरवल्याशिवाय रेघ मारू नका. मी थारोळ्यावर, तोंड दक्षिणेला. समोर कालव्याचा भराव, त्याच्या पायथ्यानं गाडीवाट. वाडा जायचा पश्चिमेला, लोणंद, शिरवळ, भोर करत वरंध घाटानं खाली महाडकडे. म्हणजे माझ्या उजव्या हाताला. दिवाळीनंतरचा सूर्य पूर्वेच्या थोडा दक्षिणेला उगवतो, म्हणजे माझ्या डावीकडे, पण जरा समोरच. त्यामुळे सगळ्या आकृतींना ऊन मागून लागतं आणि सावल्या उजवीकडे, थोड्या माझ्याकडे येतात.

हा हिशेब मी कागदावर बाण काढून केला तेव्हा अंगावर काटा आला. सकाळी पश्चिमेला निघालेल्या प्रत्येकाची सावली त्याच्या पुढं पडते. कुत्री अजून बसलेली, पण त्यांच्या सावल्या वाटेला लागलेल्या. ही कल्पना मी केलेली नाही, ते ऊनच तसं होतं. तुम्हीही तुमच्या जागेचा नकाशा काढा, वेळ आठवा, दिशा लावा. सूर्य उगवून पाऊण तास झाला असेल तर सावली वस्तूच्या उंचीच्या पाच-सहापट लांब पडते. बसलेलं कुत्रं कागदावर चार सेंटीमीटर असेल तर सावली वीस-बावीसपर्यंत जाते. लोक ती भिऊन आखूड काढतात आणि चित्रात दुपार होते.

माझा कागद अकरा बाय पंधरा इंच, म्हणजे क्वार्टर इंपिरियल, आडवा, ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जाड कॉटन कागद. भरावाची रेघ मी वरून एक तृतीयांशावर घेतली. घोडा डावीकडे. भुरी मध्याच्या थोडी डावीकडे, घोड्याच्या पुढच्या पायापाशी. काळ्या पार उजवीकडे, एकटा, वाटेवर. दोघांच्या मधली मोकळी जमीन हाच चित्राचा खरा भाग, ती काहीही घालून भरू नका. माझ्या चौथ्या चित्रात मी तिथं एक बाभूळ उभी केली होती. झाड चांगलं उतरलं, पण वाट बघणं संपलं.

घोडा आणि त्याच्या पायाशी कुत्रं ही मांडणी आपल्या डोळ्यांत आधीपासूनच आहे. ज्यांच्या घरी खंडोबा कुलदैवत आहे त्यांनी देवघरातला टाक काढून बघावा. घोड्यावर बसलेला देव आणि खाली कुत्रं. बोटाएवढ्या पत्र्यावर ठोकलेलं असतं, तरी कुत्रं घोड्याच्या पोटाखालून पुढं झेपावतंय हे कळतं. जागा कमी असताना आकार किती थोडक्यात सांगता येतो ते त्या टाकाकडून शिकावं. मी शिकलो.

कुत्री

आता मुख्य काम. आठवण आणि निरीक्षण यांची गाठ इथं घालायची. कोणतं कुत्रं कुठं बसलं होतं हे आठवण सांगेल, पण त्याचा मागचा पाय कसा दुमडतो हे ती सांगणार नाही. त्यासाठी आठवडाभर रोज सकाळी चहाच्या टपरीपाशी किंवा देवळाच्या पायरीवर बसा आणि गल्लीतली कुत्री काढा. एका कुत्र्याला अर्धा मिनिट. खोडरबर घरी ठेवा.

आपल्या गावठी कुत्र्याची ठेवण ध्यानात घ्या. अंगानं सडपातळ, छाती खोल, पोट वर खेचलेलं, पाय लांब. उभं असताना लांबी आणि उंची जवळजवळ सारखी, चौकोनात बसेल असं. शेपूट विळ्यासारखी वर वळलेली. पुढच्या पायाचं कोपर छातीच्या तळाशी येतं. मागच्या पायात मुलं हमखास चुकतात. मागं वर जो कोन दिसतो तो गुडघा समजून काढतात. ती कुत्र्याची टाच आहे. कुत्रं बोटांवर चालतं, टाच जमिनीपासून वर असते. खरा गुडघा त्याच्या वर, पोटाजवळ, पुढच्या बाजूला वळलेला. स्वतःच्या चवड्यांवर उभे राहून गुडघे थोडे वाकवा, लगेच कळेल.

बसलेलं कुत्रं काढताना आधी पाठीची रेघ. मानेपासून शेपटापर्यंत एका दमात, मग पुढचे पाय सरळ खाली. या दोन रेघांनी त्रिकोण बनतो. निवांत बसलेल्या कुत्र्याचा त्रिकोण पसरट असतो, ढुंगण एका बाजूला कललेलं, मागचा एक पाय बाहेर. निघायच्या बेतात असलेल्याचा त्रिकोण उंच आणि अरुंद. मागचे पंजे अंगाखाली ओढलेले, उठायला तयार. मान लांब. पुढचा एक पंजा जमिनीवरून किंचित हललेला, उचललेला म्हणता येणार नाही इतकाच. तोंड मिटलेलं असतं, हेही बघून ठेवा. निवांतपणी जीभ बाहेर काढून धापणारं कुत्रं एखाद्या गोष्टीकडे लक्ष गेलं की तोंड मिटतं.

आणि कान. सगळी प्रतीक्षा कानांत असते. काळ्याचे दोन्ही कान वाटेकडे, पुढं. मेंढरं घेऊन माणसं त्याच वाटेनं गेलेली, त्यांचा आवाज त्याला येत असणार. तो वीस पावलं पुढं जायचा, थांबायचा, वळून बघायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. भुरी जागची हलायची नाही. तिचा फाटका कान पुढं आणि दुसरा मागं, घोड्याकडे वळलेला. तिथं बाई दोर आवळत असायच्या. पहिला दोर आवळला, ती तशीच. घागर बांधली, तशीच. शेवटच्या दोराची गाठ मारताना बाई घोड्याच्या कुशीला गुडघा लावून जोर करायच्या, घोडा फुर्र करायचा आणि भुरी उठून अंग झाडायची. कुणी हाक मारलेली नसे. ती गाठ तिला ठाऊक होती.

मी चित्र त्या गाठीच्या आधीच्या क्षणाचं काढलं. तुमच्याही आठवणीत असा एक क्षण सापडेल, ज्याच्यानंतर सगळे हलतात. त्याच्या किंचित आधी थांबा.

तिसऱ्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं. घरच्या कुत्र्यांचे फोटो समोर ठेवून चित्र काढलं होतं आणि सगळी कुत्री बघणाऱ्याकडे तोंड करून होती, डोळे मोठे, पाणीदार. लोकांनी वाखाणलं. त्या वर्षी वाडा उतरला तेव्हा मी ते चित्र वाड्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांना हौसेनं दाखवलं. त्यांनी कागद लांब धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “गुरुजी, कुत्री झ्याक हैत. पर ही कुठं निघाली न्हाईत. ही भाकरी मागत्यात.”

त्या रात्री मला झोप आली नाही. बाबा बरोबर बोलले होते. फोटो काढताना कुत्रं फोटो काढणाऱ्याकडे बघतं, कारण त्याच्या हातात बिस्कीट असतं. वाट बघणाऱ्या कुत्र्याला आपण दिसतही नाही. तेव्हापासून माझा नियम असा की चित्रातल्या एकाही कुत्र्यानं बघणाऱ्याकडे पाहायचं नाही. डोळा तर मी बारीक गडद ठिपका देऊन सोडतो.

रंग

फार नळ्या लागत नाहीत. यलो ओकर, बर्न्ट सिएना, लाइट रेड, अल्ट्रामरीन ब्लू, एवढ्या चार. काळा रंग डबीत असला तरी उघडू नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट मिसळले की जो काळा तयार होतो त्यात जीव असतो. पाणी वाढवलं की त्याचाच धुराचा करडा होतो. काळ्या मी याच मिश्रणानं रंगवला, पाठीकडे निळा जास्त, पोटाकडे तांबडा जास्त.

पांढराही नको. ऊन म्हणजे कोरा कागद. जलरंगात उजेड राखून ठेवावा लागतो, नंतर लावता येत नाही. सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ अनेकांनी म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात पाहिलं असेल. हातात समई घेतलेली स्त्री आणि बोटांमधून झिरपणारा तो उजेड. तेही जलरंगातलंच. बोटांच्या कडांचा तो तांबूस उजेड ज्यानं बघितलाय त्याला कुत्र्याचा कान रंगवणं सोपं जाईल. मागून ऊन आलं की कानाच्या पातळ कातडीतून ते आरपार येतं. यलो ओकरमध्ये लाइट रेड घालून पातळ हात मारा, तो पूर्ण वाळू द्या, आणि नंतर डोकं गडद रंगवताना कानाला शिवू नका.

क्रम असा. पाण्यानं वरचा भाग ओला करून आभाळ, डावीकडे यलो ओकरचा अगदी पातळ हात, उजवीकडे जाता जाता अल्ट्रामरीनचा. ते ओलं असतानाच भरावाची वरची कड धूसर मिसळू द्या. चुलीच्या धुराची जागा तेव्हाच कोरड्या कुंचल्यानं रंग टिपून घेऊन उजळा. मग थांबा. कागद उलट्या हाताला गार लागतोय तोवर तो ओलाच आहे.

जमिनीला यलो ओकर आणि किंचित सिएना. पाल होतं त्या चौकोनात रंग फिका नि उबदार, भोवतीच्या दवाच्या जमिनीत थोडा निळा घालून गार. हा चौकोन सुटू देऊ नका. माणसं इथं राहिली होती, एवढीच खूण मागं उरते.

भुरीला यलो ओकर आणि सिएना, आणि रंग ओला असतानाच पोटाखाली अल्ट्रामरीनचा थेंब सोडा, छाया आपोआप वळते. पाठीच्या कडेनं केसभर कागद कोरा. मुस्कट सावलीत आहे, म्हणून ते अंगापेक्षा गडद. म्हाताऱ्या कुत्र्याचं तोंड पांढरं होतं म्हणून लोक तिथं उजेड ठेवतात, तो मोह आवरा. सावलीतला पांढरा केस निळसर करडाच दिसतो.

घोड्यावरचा बोजा मी एका गडद आकारातच बसवला. घागरीला उन्हाची एक तिरीप, कोंबडीच्या तुऱ्याला लाइट रेडचा एक ठिपका आणि घोंगडीच्या घडीतून वर आलेली तीन बारकी डोकी. दोन कोकरांची, एक पिल्लाचं. पिल्लाचे कान पडके आणि ते मागं, पालाच्या जागेकडे बघतंय.

सावल्या सगळ्यात शेवटी. अल्ट्रामरीनमध्ये थोडा लाइट रेड, कुंचला भरून घ्यायचा, पंजापासून सुरू करून उजवीकडे एकाच हातात ओढायचं आणि पुन्हा त्यावर जायचं नाही. पायाजवळ कड धारदार, लांब जाईल तशी मऊ. चुकण्याची भीती वाटते, म्हणून आधी रद्दी कागदावर वीस सावल्या ओढा. मी अजूनही ओढतो.

जुनेपणाचा रंग

आठवणीचं चित्र म्हटलं की हात चहाच्या पाण्यासारख्या तपकिरी रंगाकडे जातो. कागद पिवळा करायचा, कडा जळक्या दाखवायच्या, सगळ्यावर धुकं. माझी पहिली दोन चित्रं तशीच होती. पण ती सकाळ जुनी नव्हती हो. दव ताजं होतं, घागर घासलेली होती, काळ्याच्या अंगावर ऊन चकाकत होतं. जुना झालोय तो मी. चित्र त्या दिवसाचं काढायचं असेल तर रंग त्या दिवसाचे लावावेत. बघणाऱ्याच्या मनात जे दाटायचं ते स्वच्छ रंगांतूनही दाटतं, उलट जास्तच.

आता आमच्या रानात ऊस असतो. वाडे अजूनही जातात, पण डांबरी रस्त्याच्या कडेनं, आणि पुष्कळ ठिकाणी बिऱ्हाड टेम्पोतून पुढं जातं. टेम्पोच्या फाळक्याशी बसलेली कुत्रीही मी बघितली आहेत. तीही तशीच, एक कान मागं, एक पुढं. तेही चित्र काढायचं आहे.

काम झालं की दोन दिवस चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा, मग बघा. काही घालावंसं वाटलं तर घालू नका. खूप झालं असं वाटलं तर ओल्या स्पंजानं एखादी कड उचलून घ्या. फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यात माउंटचं, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या चौकटीचं अंतर ठेवायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटून बुरशी धरतो. थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका.

आणि फ्रेम बंद करण्याआधी मागं पेन्सिलीनं लिहून ठेवा. माझ्या चित्रामागं लिहिलंय : भुरी, काळ्या आणि नाव न ठेवलेलं पिल्लू. कालव्याखालचं रान, दिवाळीनंतर, शेवटची गाठ मारायच्या आधी.